एका खाजेचा शोध

ताप आलेल्या माणसाच्या उशाशी लोक येऊन बसतात. पाय मोडलेल्याला भेटायला जाताना मोसंबी नेतात. पण ज्याच्या अंगाला खाज सुटली आहे त्याच्यापासून मंडळी हातभर दूर सरकून बसतात आणि त्याची पाठ फिरली की हसतात. भाषासुद्धा त्या बिचाऱ्याच्या बाजूची नाही. 'त्याला भारीच खाज' हे काही कोणी कौतुकाने म्हणत नाही. आणि नसती उठाठेव करणाऱ्याला 'खाजवून खरूज काढतो' असे आपणच हिणवितो. महाविद्यालयात मराठी शिकविण्यात माझी वीस वर्षे गेली. हे वाक्प्रचार मी मुलांना फळ्यावर लिहून दिले आहेत. २०२३ सालच्या उन्हाळ्यात ते कोणीतरी माझ्याच अंगावर लिहिले.

निमित्त आखाजीचे झाले. अक्षय्य तृतीया साऱ्या महाराष्ट्रात आहे, पण खान्देशात तिची आखाजी होते आणि तिचा थाट दिवाळीलाही मागे सारतो. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके चढतात, गौराईची गाणी होतात आणि घरोघर आमरसाचा घमघमाट सुटतो. शिंदखेड्याहून आमचे गाव चार-पाच कोसांवर आहे. तेथे आईवडील आणि थोरले बंधू राहतात. त्या वर्षीची आखाजी २२ एप्रिलला, शनिवारी होती. मुलांच्या परीक्षेमुळे घरच्या मंडळींना शिंदखेड्यालाच ठेवून मी शुक्रवारी संध्याकाळी एकटाच गावी गेलो. दोघी बहिणी मुलाबाळांसह आधीच येऊन दाखल झाल्या होत्या. घर भरले होते. आणि जी थोडी जागा माणसांनी सोडली होती ती कापसाने भरली होती.

या कापसाची हकिगत सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापसाने क्विंटलला दहा हजारांचा आकडा ओलांडला. त्या वर्षी आप्पांनी (थोरल्या बंधूंना आम्ही सारे आप्पाच म्हणतो) दिवाळी होताच कापूस विकून टाकला होता, आणि नंतर भाव चढत गेला तसे ते हळहळत राहिले. पुढच्या हंगामात त्यांनी निश्चय केला की, या खेपेस घाई करावयाची नाही. पण त्या वर्षी भावाने वर जायचे नाव घेतले नाही. पौष गेला, माघ गेला, शिमगा झाला. आज वाढेल, उद्या वाढेल, म्हणून खान्देशात, विदर्भात, मराठवाड्यात हजारो घरांतून कापूस तसाच पडून राहिला. शेतकऱ्याजवळ कोठार नसते. गोठ्यात आगीचे भय, अंगणात पावसाचे. तेव्हा कापूस राहतो माजघरात, माणसांच्या शेजारी. आमच्या माजघरात पंचवीस क्विंटल कापूस होता. पंचवीस क्विंटल हा आकडा कागदावर फारसा मोठा दिसत नाही. खोलीत भरला म्हणजे अर्धी खोली छपरापर्यंत पांढरी होते. त्यावर वहिनींनी जुनी लुगडी पांघरली होती, आणि दिवसा घरातल्या वाकळा-गोधड्या त्या ढिगावरच रचून ठेवल्या जात. मुलांना तर तो डोंगरच सापडला होता. आप्पांचा धाकटा मुलगा आणि भाचेमंडळी त्यावर चढत, लोळत, उड्या मारीत. आणि हा कापूस नुसता कापूस नव्हता. त्यातून पुतणीचे लग्न व्हावयाचे होते.

पहिली रात्र मी धाब्यावर काढली. दुसऱ्या रात्री अवकाळी पावसाचे थेंब पडू लागले म्हणून गोधडी उचलून माजघरात आलो आणि ढिगाला पाठ लावून निजलो. रविवारी सकाळची गाडी धरून शिंदखेड्यास परतलो. दुपारी पोटावर थोडी चुणचुण वाटली. संध्याकाळी सदरा काढला तेव्हा कमरेभोवती, पोटावर आणि पाठीवर लाल गांधी उठलेल्या दिसल्या. एक, दोन नव्हे. सौभाग्यवतीने पाठीवरच्या मोजल्या त्याच छत्तीस भरल्या. प्रत्येकीच्या टोकाशी मोहरीपेक्षाही लहान असा पाण्याचा थेंब असल्यासारखा दिसत होता. चेहरा स्वच्छ, तळहात स्वच्छ. रात्री खाजेने जो कहर केला त्याचे वर्णन करीत नाही. ज्याला ठाऊक आहे त्याला सांगायला नको आणि ज्याला नाही त्याला सांगून कळणार नाही.

दुसऱ्या दिवशी घरात तपास सुरू झाला. पहिला आरोप आमरसावर आला. आखाजीला मी पाच वाट्या रस घेतला होता ही गोष्ट माझ्याच तोंडून निघून गेली होती. 'आंबा उष्ण, पित्त उठले,' असा निकाल लागून आमसुलाचे पाणी अंगाला चोळण्यात आले. मग नव्या बनियनवर संशय गेला. मग कपडे धुण्याच्या नव्या पावडरीवर. मग मी स्वतः परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यावर संशय घेतला. त्या वाचताना अंगाची आग होते हा तर माझा जुनाच अनुभव होता. कडुलिंबाचा पाला घालून आंघोळी झाल्या. पाच-सहा दिवसांत गांधी बसल्या, डाग तेवढे राहिले, आणि आमसुलाला श्रेय देऊन आम्ही प्रकरण मिटविले. घरात दुसऱ्या कोणालाही काही झाले नाही, या गोष्टीकडे तेव्हा माझे लक्ष गेले नव्हते. ते जायला हवे होते.

गावाकडे मात्र प्रकरण मिटले नव्हते. वहिनी, पुतणी आणि धाकटा पुतण्या तिघेही अंग ओरबाडीत होते. 'आंगले खाज ई ऱ्हायनी,' ही वहिनींची तक्रार आप्पांनी फाल्गुनापासून ऐकली होती आणि 'ऊन वाढले आहे' म्हणून सोडून दिली होती. शेवटी त्यांनी सर्वांना तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी एका घरात तिघांना खाज पाहून खरूज म्हटले. मानेपासून पायापर्यंत मलम लावा, रात्रभर ठेवा, सगळ्यांनी एकाच दिवशी लावा, कपडे गरम पाण्यात धुवा. उपाय खरजेला अगदी बरोबर होता. वहिनींनी तो तंतोतंत केला. आठ दिवसांनी पुन्हा केला. खाज होती तिथेच राहिली.

मला त्या डॉक्टरांना दोष द्यावासा वाटत नाही. खरूज हा आपल्याकडचा इतका सर्वपरिचित रोग आहे की खाज म्हटली की प्रथम तोच आठवावा. खरजेचा किडा कातडीत बोगदा करून राहतो आणि तेथेच अंडी घालतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहून इटलीतल्या बोनोमोने १६८७ साली त्याचे वर्णन केले होते, तरी पुढे दीडशे वर्षे मोठमोठे वैद्य रक्तदोषाचीच भाषा बोलत राहिले. १८३४ साली पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात रेनुची नावाच्या एका विद्यार्थ्याने सर्वांदेखत सुईच्या टोकावर तो किडा काढून दाखविला तेव्हा कोठे वाद मिटला. ही विद्या रेनुचीला कोणत्या प्राध्यापकाने शिकविली नव्हती. तो कॉर्सिका बेटावरचा. तिथल्या खेड्यातल्या बाया आपल्या मुलांच्या हातातले किडे सुईने असेच काढीत आणि ते तो लहानपणापासून पाहत आला होता.

मे महिन्याच्या मध्यास पुतणीला पाहायला पाहुणे आले. स्थळ चांगले होते. त्या दिवशी पारा बेचाळीसच्या पुढे गेला असेल. आणि त्या उकाड्यात वहिनींनी मुलीला मनगटापर्यंत बाह्यांचे पोलके घालायला लाविले. चहाचा पेला पुढे करताना बाही मागे सरकली. पाहुण्यांतल्या एका वयस्क बाईंची नजर तेथे गेली आणि तेथेच राहिली. कोणी काही बोलले नाही. पोहे झाले, पाणी झाले, नमस्कार झाले. दोन दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला: मुलीला काही कातडीचा विकार आहे काय, तेवढे आधी सांगावे.

आप्पांचा दूरध्वनी आला तेव्हा त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "तू शिकलेला आहेस, पुस्तके वाचतोस. हे काय आहे ते सांग," एवढेच ते म्हणाले. मी मराठीचा मास्तर. ज्ञानेश्वरीतली ओवी अडली तर मी सांगेन, गांधी कशाने उठतात ते मी काय सांगणार? तरी दुसऱ्या दिवशी एक वही घेऊन गावी गेलो.

वहीत मी काहीच विद्वत्तेचे केले नाही. घरातले कोण कोठे निजते आणि कोणाला खाज आहे, एवढेच लिहिले. आबा बारा महिने अंगणात बाजेवर निजतात. त्यांची गोधडी बाजेवरून कोणी हलविलेली त्यांना खपत नाही. त्यांना खाज नाही. आप्पा रात्री मळ्यावर असतात, कारण पाण्याच्या मोटारीला वीज रात्रीच मिळते. त्यांना नाही. आई स्वयंपाकघरात निजते; तिला थोडी, दंडांवर. वहिनी, पुतणी आणि पुतण्या माजघरात. तिघांना भरपूर, आणि सर्वांत जास्त त्या पुतण्याला, ज्याला कापसावरून खाली उतरवायला रोज ओरडावे लागत होते. आखाजीला बहिणींना न्यायला आलेले मेहुणे ओसरीवर निजले होते. त्यांना काही झाले नव्हते. मग मी बहिणींना विचारले. दोघींनाही माहेरी असतानाच गांधी उठल्या होत्या, मुलांनाही. सासरी गेल्यावर काय झाले? चार-सहा दिवसांत गेल्या. तिकडे घरात दुसऱ्या कोणाला? कोणालाच नाही. आणि मी स्वतः? धाब्यावरच्या रात्रीनंतर काही नाही, माजघरातल्या एका रात्रीनंतर छत्तीस.

खरूज असती तर ती बहिणींबरोबर सासरी गेली असती आणि माझ्याबरोबर शिंदखेड्याला. खरूज माणसाला धरून राहते. ही खाज खोलीला धरून होती.

वही मिटताना आई म्हणाली ते अजून आठवते. तिच्या वेळी कापूस दिवाळीला घरात यायचा आणि संक्रांतीपर्यंत जायचा. आखाजीपर्यंत घरात कापूस राहिलेला तिने जन्मात पाहिला नव्हता.

आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचे एक सहकारी आहेत. स्टाफरूममध्ये त्यांच्याशी माझे बोलणे आजवर चहा आणि वेतनश्रेणी यांपलीकडे गेले नव्हते. वही पाहून ते ताडकन उभे राहिले आणि त्यांनी मला गोल्डबर्गरची गोष्ट सांगितली. ती मी त्यानंतर पुस्तकातून वाचून काढली, आणि ती इथे सांगण्याचा मोह आवरत नाही.

१९०९ सालच्या मे महिन्यात अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरात एक चमत्कारिक पुरळ पसरू लागले. डेलावेअर नदीत नांगरलेल्या काही खासगी बोटींवरच्या खलाशांना ते झाले, तसेच शहरातल्या भाड्याच्या खोल्यांतून राहणाऱ्या लोकांना. सरकारी आरोग्यखात्याचे जोसेफ गोल्डबर्गर आणि तिथले त्वचारोगतज्ज्ञ जे शामबर्ग यांनी शोध सुरू केला. बोटी वेगळ्या, पाणी वेगळे, जेवण वेगळे. सारखी गोष्ट एकच निघाली: सगळ्यांनी नव्या, पेंढा भरलेल्या गाद्यांवर झोप घेतली होती. गोल्डबर्गरने आपला हात उघडा करून तासभर अशा दोन गाद्यांच्या मध्ये ठेवला. सुमारे सोळा तासांनी त्यावर गांधी उठल्या. मग त्याने गादीतला पेंढा चाळला. चाळणीखालच्या कचऱ्याचे दोन भाग केले, एका भागाला क्लोरोफॉर्मची वाफ दिली आणि ते दोन्ही भाग एका माणसाच्या दोन काखांत बांधले. वाफ दिलेल्या बाजूला काही उठले नाही, दुसऱ्या बाजूला उठले. म्हणजे त्या कचऱ्यात जे काही होते ते जिवंत होते. शेवटी त्याने त्यातून पाच बारीक किडे वेचून एका काचेवर घेतले आणि ती काच एकाच्या काखेला लावून ठेवली. दुसऱ्या दिवशी तेथे बरोबर पाच गांधी होत्या. पाच किडे आणि पाच गांधी! तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा हा पुरावा आहे. हाच गोल्डबर्गर पुढे पेलाग्रा हा रोग निकृष्ट अन्नातून होतो हे दाखवून प्रसिद्ध झाला.

त्या रविवारी मी आणि आमचे सहकारी दोघेही गावी गेलो. दुपारी चार वाजता मी सदरा काढून डावा हात खांद्यापर्यंत कापसाच्या ढिगात खुपसला आणि घड्याळ लावून तासभर बसून राहिलो. उजवा हात बाहेर ठेवला. गावातली पोरे दारात जमली. वहिनी पदराआड हसत होत्या. पुष्कळ दिवसांनी त्या हसल्या असे आई म्हणाली. इकडे आमच्या सहकाऱ्यांनी ढिगाच्या तळाचा कचरा चाळून काळ्या कागदावर पसरला होता आणि ते भिंग लावून पाहत होते. सरकीच्या काही जोड्या एकमेकींना चिकटलेल्या निघाल्या. त्यांनी टाचणीने एक जोडी फोडली. आत एक मेलेली शेंदरी अळी होती आणि तिच्या अंगावर मोत्याच्या कणांसारखे पिवळसर गोळे चिकटले होते. मी भिंगातून पाहिले. ते गोळे सजीव होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता माझ्या डाव्या हातावर अकरा गांधी होत्या. उजवा हात जसाच्या तसा होता.

हा जीव पायमोट्स नावाच्या कुळातला. गोचीड, कोळी यांच्या दूरच्या नात्यातला. त्याचा खरा आहार माणूस नव्हेच. पाखरांच्या आणि भुंग्यांच्या अळ्या हे त्याचे अन्न. मादी मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी, साध्या डोळ्यांना जवळजवळ अदृश्य. पण आपल्यापेक्षा हजारो पट वजनाच्या अळीला ती विषाने लुळी करते आणि तिच्यावर बसून रस शोषू लागते. मग तिचे पोट फुगत फुगत मिलिमीटरभर किंवा त्याहूनही मोठे, गोल मोत्यासारखे होते. त्या पोटात दोन-तीनशे पिले पूर्ण वाढतात आणि वाढूनच बाहेर येतात. आधी मोजके नर येतात आणि आईच्या अंगाला चिकटून राहतात. मागून येणाऱ्या बहिणींशी त्यांचे लग्न जन्मतःच लागते. मनूच्या कोणत्याही अध्यायात न बसणारा हा संसार उन्हाळ्याच्या उबेत आठ-दहा दिवसांत एक पिढी पुरी करतो. खाली अळ्या संपल्या की भुकेल्या पिढ्या ढिगावर येतात. वर गोधडी असेल तर गोधडीत, मूल असेल तर मुलाच्या अंगावर. माणसाच्या कातडीत त्याला राहता येत नाही. तो चावतो, चव न आवडून सोडून देतो. चावा कळत नाही. खाज येते दहा-बारा तासांनी, कधी दिवसभराने. तोपर्यंत माणूस शेतात, बाजारात किंवा माझ्यासारखा शिंदखेड्याला पोहोचलेला असतो आणि आमरसाला शिव्या देत असतो. पहाटे चोरी होऊन दुपारी बोंब व्हावी, असा हा चोर आहे.

परदेशातही तो असाच लोकांना चकवीत आला आहे. २००४ सालच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग नावाच्या गावी हजारो लोकांच्या मानेवर, खांद्यावर गांधी उठल्या. तेथे तो ओकच्या पानांवरच्या गाठींतल्या अळ्या खात होता आणि झाडावरून खाली लोकांच्या अंगावर पडत होता. गहू-बार्लीची कोठारे, पेंढ्याच्या गंजी, सरकीची गोदामे, जेथे अळी तेथे हा.

तेव्हा खरा प्रश्न अळीचा होता. शेंदरी बोंडअळीचे पहिले शास्त्रीय वर्णन सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने १८४३ साली केले, ते भडोचच्या कापसावर सापडलेल्या नमुन्यांवरून. म्हणजे ही बया आमच्या शेजारचीच. ती बोंडात शिरते, दोन सरक्या जाळीने जोडून त्यांच्यामध्ये दडते आणि पुढच्या पावसापर्यंत झोपून राहू शकते. २००२ मध्ये आपल्याकडे बीटी कापूस आला, २००६ मध्ये त्याची दुसरी जात आली, आणि काही वर्षे बोंडअळीचे नाव शेतकरी विसरले. अळी मात्र विसरली नव्हती. तिने त्या विषाला पचविले. गुजरातेत आधी बोभाटा झाला, आणि २०१७ साली महाराष्ट्रात बोंडेच्या बोंडे किडली. हंगाम संपल्यावरही पऱ्हाटी उभी ठेवून पाणी देऊन जी फरदड घेतात, तिच्यात अळीला उन्हाळ्यापर्यंत घर मिळते. आप्पांनी त्या वर्षी फरदड घेतली होती. भाव येईल तेव्हा दोन पोती जास्त हवीत, हा त्यामागचा हिशेब. शेवटच्या वेचणीतला तो डागाळलेला कवडी कापूस ढिगाच्या वर पडला, आणि वहिनींच्या गोधड्या त्याच्यावर.

त्या उन्हाळ्यात घरच्या कापसाने अंगाला खाज सुटल्याच्या तक्रारी गावोगावहून येत होत्या, हे मला नंतर कळले. प्रत्येक घरातली खाज याच किड्याची असेल असे मी म्हणणार नाही. कापसाची धूळ, फवारणीचे अंश, यांनीही अंग खाजते. आमच्या घरापुरती गोष्ट भिंगाखाली दिसली होती.

आता कारण सापडले म्हणून सारे आनंदले असतील, अशी वाचकांची समजूत होईल. मी ते सांगितले तेव्हा ओसरीवर कोणीच बोलले नाही. कारण उपाय एकच होता आणि तो सर्वांना दिसत होता. शेजारच्या एका गृहस्थांनी दुसरा सुचविला: धान्यात घालतात त्या गोळ्या कापसात ठेवा, दार लावा, कीड मरेल. आमचे सहकारी एकदम ओरडले. त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा वायू किड्याइतकाच माणसाला मारतो. राहत्या घरात त्या ठेवून घरची माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. गोळ्या राहिल्या. ढिगावर कीटकनाशक फवारावे, हाही विचार त्याच कारणाने सोडावा लागला.

आप्पा म्हणाले, "पंधरा दिवस थांबू. जूनमध्ये पेरणीच्या वेळी भाव उचलेल."

आजवर वहिनींना आप्पांपुढे आवाज चढविताना मी पाहिले नव्हते. त्या दिवशीही त्यांनी आवाज चढविला नाही. आतून पुतणीला हाताला धरून बाहेर आणले आणि तिची बाही कोपरापर्यंत वर केली. मग म्हणाल्या, "याच्यासाठीच ठेवला ना कापूस?"

तीन दिवसांनी व्यापाऱ्याचा टेम्पो दाराशी उभा राहिला. भाव मिळाला क्विंटलला सात हजार दोनशे. हंगामाच्या सुरुवातीला विकला असता तर क्विंटलमागे हजारभर जास्त आले असते. शिवाय सहा महिन्यांत वाळून वजन घटले ते निराळेच. आप्पांनी तो हिशेब मोठ्याने केला नाही, पण काट्यावरचा आकडा लिहून घेताना ते बराच वेळ पेन्सिल धरून उभे होते.

खोली रिकामी झाल्यावर सारवली, गोधड्या उकळत्या पाण्यातून काढून मेच्या उन्हात वाळविल्या, माजघरात आठ दिवस कोणी निजले नाही. अन्नाविना तो किडा फार दिवस तगत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पुतण्याचे अंग स्वच्छ झाले. पुतणीचे डाग जायला श्रावण उजाडला. मध्यस्थाकरवी आप्पांनी सारी हकिगत कळविली, मी माझ्या अक्षरात चिठ्ठीही लिहून दिली. पण त्या पाहुण्यांचा निरोप पुन्हा आला नाही. किड्याची एवढी लांबलचक कथा म्हणजे काहीतरी झाकण्याची युक्ती, असे त्यांना वाटले असावे. मुलीचे लग्न पुढल्या वर्षी दुसरीकडे झाले, चांगले झाले.

टेम्पो भरला जात असतानाची एक गोष्ट सांगावयाची राहिली. चार हमाल होते. उघड्या अंगाने ते कापसात कमरेपर्यंत उभे राहून पाटीवर पाटी भरीत होते. वहिनींना ते पाहवेना. त्या ओसरीवरून म्हणाल्या, "भाऊ, घरी गेल्याबरोबर कपडे काढून आंघोळ करा, मग लेकरांना जवळ घ्या. या कापसात खाजेचा किडा आहे."

त्यांच्यातला वयाने मोठा होता तो थांबला. पाठीवरचा घाम पुसून त्याने वहिनींकडे पाहिले.

"आम्हाले माहीत शे, वहिनी," तो म्हणाला. "उन्हायामा जुना कापूस उचला का दुसरा दिन आंग उठस. दर सालचं शे." आणि त्याने पुढची पाटी उचलली.